मासे वर येऊन तोंड उघडताहेत आणि एकावर पांढरे ठिपके आहेत: औषधाआधी काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूर, सुदामानगर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक, घेऊन दोन महिने झालेले. चार गोल्डफिश आणि चार मॉली होते. रविवारी आणखी दोन गोल्डफिश आणून सोडले. बुधवारी नळ आले तेव्हा टँक पूर्ण रिकामा करून धुतला, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून काढला आणि नवं पाणी भरलं. गुरुवारी सकाळी सगळे मासे वर तोंड काढून होते, दुपारपर्यंत दोन गेले. आज शनिवार. एका गोल्डफिशवर पांढरे ठिपके दिसतात, दुसऱ्याची शेपटी कडेने झिजली आहे. दुकानदाराने एक निळी आणि एक पिवळी बाटली दिली आहे. शेजारचे काका टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल टाका म्हणतात. सासूबाई म्हणतात, माशांनी घरावरचं संकट अंगावर घेतलं. टँक उन्हात वाळवून पुन्हा सुरुवात करू का?

उत्तर:

दोन्ही बाटल्या आणि कॅप्सूल आज कपाटातच राहू द्या. टँकही रिकामा करू नका. तुमच्याकडे दोन वेगळी प्रकरणं एकाच वेळी चालू आहेत. गुरुवारचे दोन मासे पाण्याने गेले. ठिपके बहुतेक रविवारच्या माशांबरोबर आले. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, आणि पाण्याचा आधी करावा लागतो.

हे ओळखायची खूण सोपी आहे. काही तासांत सगळे मासे एकदम त्रासात दिसले, लहान-मोठे, मॉली-गोल्डफिश असा भेद न राहता, तर पाणी बघायचं. आज एक, परवा दुसरा, त्याच्यावर डाग, याच्यावर नाही, असं चाललं तर रोग. बुधवारी टँक धुतला आणि गुरुवारी सकाळी सगळेच वर आले, यात कोड्यासारखं काही नाही. सासूबाईंचं संकट खरंच आलं होतं, फक्त ते नळातून आलं.

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून उचलून, शुद्ध करून येतं आणि त्यात क्लोरीन असतो. असायलाच हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. माशांच्या कल्ल्यांना याच्या दहाव्या हिश्श्यानेही इजा होते. पावसाळ्याच्या तोंडाशी पाणी गढूळ आलं की क्लोरीन वाढवतात, तेव्हा नळाचा वास तुम्हालाही येतो. हा बुधवारचा पहिला घाव.

दुसरा घाव स्पंज धुण्याचा. फिल्टरच्या स्पंजात जे तपकिरी, बुळबुळीत दिसतं त्यातला मोठा भाग कामाचा असतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया तिथले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात. तुम्ही ते विरजण नळाच्या पाण्याने धुऊन टाकलंत. बुधवारचा क्लोरीन आतापर्यंत उडून गेला आहे. आज मासे वर दिसत असतील तर आता अमोनिया आहे, आणि पुढच्या आठवड्यात नायट्राइट चढेल. दोन-चार दिवसांनी ‘आता पाणी जुनं झालं, धोका टळला’ असं वाटतं, नेमकी तिथेच चूक होते.

आज संध्याकाळी काय करायचं ते आधी सांगतो, कारणं मागाहून.

एअर पंप नसेल तर आणा. स्पंज फिल्टर असला तरी वेगळा एअरस्टोन, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, सोडा. खाणं दोन दिवस पूर्ण बंद. गोल्डफिशला दोन दिवस उपास सोसतो, आणि पोटात न गेलेल्या अन्नाचा अमोनिया होत नाही. मग पाव भाग पाणी बदला आणि अमोनिया शून्यावर येईपर्यंत हे रोज करा. बदलायचं पाणी आधी बादलीत तयार करायचं. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, माशांच्या दुकानात मिळतात. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. १० लिटर नळाच्या पाण्याला या द्रावणाचा १ मिलिलिटर पुरतो. क्लोरीनचा वास उग्र असेल तर २ मिलिलिटर. द्रावण गढूळ झालं की फेकून नवं करा. हायपो क्लोरीन मारतो, अमोनियाला हात लावत नाही, म्हणून ‘हायपो टाकला, आता पाणी चांगलं’ असं होत नाही.

बदली पाण्याचं तापमान टँकच्या पाण्याशी एक-दोन अंशांत जुळायला हवं. आपल्याकडे बहुतेक घरांत पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं. मे महिन्यात दुपारी ते हाताला भाजतं, जानेवारीत पहाटे बर्फासारखं असतं. म्हणून बादली रात्री भरून टँकच्याच खोलीत ठेवायची, सकाळी थर्मामीटर बुडवून बघायचं आणि मगच ओतायचं. नळ एक दिवसाआड येतात त्या घरांत दोन बादल्या कायम भरून ठेवण्याची सवय लागली की निम्मे आजार तिथेच थांबतात. नळ न आल्याच्या दिवशी बोअर किंवा टँकरचं पाणी टाकणार असाल तर तेही आदल्या रात्री बादलीत भरून एअरस्टोन सोडून ठेवा. जमिनीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असतो. रात्रभर बुडबुडे मिळाले की पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) वर येऊन ठरतो. तसंच ओतलं तर तो टँकमध्ये चढतो आणि माशांना धक्का बसतो. माळव्यात बोअरचं पाणी सहसा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. गोल्डफिश आणि मॉलीला ते चालतं, एकदम बदललेलं चालत नाही. आरओचं पाणी मात्र टाकू नका. क्षार नसलेल्या पाण्यात पीएच धरून ठेवायला काही उरत नाही आणि तो अचानक ढासळतो.

अमोनियाचा टेस्ट किट घ्या, पट्टीपेक्षा थेंबांचा बरा. आकडा वाचताना पीएचही बघायचा, कारण तोच अमोनिया पीएचप्रमाणे सौम्य किंवा जहरी होतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच भाग पाच टक्क्यांवर जातो, ३० अंशांना आणखी वर. आपल्या जड पाण्यात पीएच ८ च्या आसपास राहतो, म्हणून किटवर ०.२५ दिसलं तरी पाणी बदलायचं. ‘थोडासाच आहे’ म्हणून सोडायचं नाही. नायट्राइट चढला की कल्ले लाल न दिसता तपकिरी, चॉकलेटी दिसू लागतात. त्यावर मीठच उपयोगी पडतं, आणि ते तुम्ही ठिपक्यांसाठी टाकणारच आहात.

कोणाकडे महिन्यांपासून निरोगी चालणारा टँक असेल तर त्यांच्या वापरत्या स्पंजाचा तळहाताएवढा तुकडा मागून आणा. ओला ठेवून, तासाभरात तुमच्या फिल्टरमध्ये घाला. विरजण लागलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत बसतं, स्वतःहून तीन ते पाच आठवडे घेतं. आजारी टँकचा स्पंज मात्र फुकट मिळाला तरी आणू नका.

आता ठिपके. आधी ते खरंच ठिपके आहेत का ते बघा. रात्री खोलीतला आणि टँकचा दिवा घालवा, दहा मिनिटं थांबा आणि टॉर्च समोरून न मारता काचेला घासून, बाजूने मारा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणजे इक. त्याचे दाणे अंगावर मीठ भुरभुरावं तसे वर उठलेले दिसतात, आकाराने जवळजवळ सारखे, शेपटीवर, परांवर, पाठीवर विखुरलेले, कुठेही. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या जाड काडीवर असतील, ओळीत बसवल्यासारखे असतील आणि मासा खात-फिरत असेल, तर तो आजारी नाही. वयात आलेल्या नर गोल्डफिशला विणीच्या दिवसांत असे दाणे येतात. त्यावर औषधाचा मारा झालेले कितीतरी धडधाकट नर या शहरात गेले असतील.

बाकीच्या खुणा चटकन सांगतो. सोनेरी, हळदीच्या भुकटीसारखा थर टॉर्चच्या उजेडात चमकला तर तो वेल्व्हेट नावाचा रोग. कापसासारखा लांब तंतूंचा पुंजका जखमेवर असेल तर बुरशी, आणि ती बहुधा दुसऱ्या कशामुळे झालेल्या जखमेवर बसलेली असते. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा राखाडी-पांढरा पट्टा दिसला आणि कालपासून आज तो वाढला, तर कोलमनॅरिस. हा जिवाणूंचा रोग आहे. दिसतो बुरशीसारखा, म्हणून लोक हीटर वाढवतात. उबेत हा दुप्पट वेगाने धावतो आणि एक-दोन दिवसांत मासा संपवतो. हीटरला हात लावण्याआधी हा पट्टा नाही ना, एवढं बघाच.

तुमच्या वर्णनावरून इकच वाटतो. नवे मासे आणल्यावर आठवड्याच्या आत दिसणं हेही जुळतं. हा परजीवी तीन अवस्थांत जगतो, आणि त्या समजल्या तरच उपचार नीट होतो. अंगावर जो दाणा दिसतो तो त्वचेच्या आत बसून मासा खात असतो, तिथे मीठ किंवा औषध पोहोचत नाही. पिकला की तो गळून खडी-काचेवर चिकटतो, कवच करून आत शेकडो तुकड्यांत विभागतो, तिथेही औषध चालत नाही. मग त्यातून पोहणारी पिल्लं निघतात आणि त्यांना साधारण दोन दिवसांत नवा मासा गाठावा लागतो, नाहीतर मरतात. मीठ किंवा औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. २५-२६ अंशांना सगळं चक्र चार ते सहा दिवसांत फिरतं. थंडीत पाणी १५ अंशांपर्यंत उतरलं तर त्यालाच दोन-तीन आठवडे लागतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. उपचार सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तर उपाय चुकला असं नाही, ते आधीच आत बसलेले होते. आणि चौथ्या दिवशी मासा स्वच्छ दिसला म्हणजे रोग गेला असंही नाही, दाणे गळून खडीत गेले आहेत. ‘ठिपके गेले म्हणून औषध बंद केलं, आठवड्याने दुप्पट आले’ ही तक्रार इथूनच येते. शेवटचा ठिपका दिसल्यावर आणखी पाच दिवस, एकूण किमान दहा ते चौदा दिवस उपचार चालवायचा.

त्यासाठी टँकमध्ये पाणी किती आहे ते कळायला हवं. दुकानात दोन फुटी टँकला ‘साठ लिटर’ म्हणतात. मोजून बघा. आतून ६० सेंमी गुणिले ३० सेंमी, पाण्याची उंची काठोकाठ नसते, समजा २६ सेंमी. गुणाकाराला १००० ने भागलं की ४६.८ लिटर. तळाशी पाच सेंमी खडी असेल तर ती पाच-साडेपाच लिटर जागा घेते. उरलं ४१ लिटर. बाटलीवरचा डोस साठ लिटरचा धरून टाकला तर माशांना जवळजवळ दीडपट औषध बसतं. औषधाने मेलेल्या माशांत या हिशोबाच्या चुकीचा वाटा मोठा आहे, आणि हिशोब करायला दोन मिनिटं लागतात.

४१ लिटरला लिटरमागे ३ ग्रॅम म्हणजे सव्वाशे ग्रॅम मीठ. किराणा दुकानातलं खडे मीठ घ्या. आयोडीनच्या मिठाने मासे मरतात ही समजूत खरी नाही, घरात तेच असेल तर चालतं. काळं मीठ नको. वजनकाट्यावर मोजा, कारण चमच्यात खडे मीठ नीट मोजलं जात नाही. सव्वाशेचे तीन भाग करा आणि बारा-बारा तासांनी एकेक भाग मगभर टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून फिल्टरच्या प्रवाहात हळूहळू ओता. कोरडे खडे टाकायचे नाहीत, मासे तोंडात घेतात. पाणी उडून पातळी खाली गेली तर साधं पाणी घाला, मीठ उडत नाही. पाणी बदललं तर जेवढं काढलं तेवढ्याचंच मीठ घाला: दहा लिटर बदललं तर तीस ग्रॅम. रोज पाणी बदलताना रोज सव्वाशे ग्रॅम टाकणारे लोक आहेत, पाचव्या दिवशी त्यांच्या टँकमध्ये समुद्र झालेला असतो. मॉलीला मीठ मानवतं, गोल्डफिशला सोसतं. टेट्रा, कोरी किंवा लोच जातीचे मासे असते तर लिटरमागे एक ग्रॅमवर थांबायला सांगितलं असतं. झाडं असतील तर काही झडतील, ती वेगळ्या बादलीत काढा. तीही इकची पिल्लं नेऊ शकतात म्हणून आठवडाभर माशांशिवायच ठेवा.

तापमान सध्या २६ च्या खाली असेल आणि वर सांगितलेला खोगीरपट्टा नसेल, तर हीटरने रोज दोन अंशांपेक्षा वेगाने न चढवता २८ ते ३० वर आणा. उद्देश एवढाच की चक्र लवकर फिरावं आणि पिल्लं लवकर बाहेर पडावीत. उन्हाळ्यात खोलीतच पाणी ३१-३२ होतं, तेव्हा हीटर बंदच राहू द्या. ऊब वाढली की पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे यातूनही थोडं वजा होतं. म्हणून एअरस्टोन रात्रंदिवस चालू राहिला पाहिजे. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा एअर पंप ठेवा. हीटर घ्यायचा तर लिटरमागे एक वॉट हा अंदाज पुरतो, तुम्हाला ५० वॉटचा. पाणी बदलताना प्लग काढायला विसरू नका. पाण्याबाहेर तापलेली काच थंड पाण्यात तडकते.

दररोज सायफनने खडी साफ करा, गळून पडलेली कवचं तिथे असतात. नळी तोंडाने ओढू नका. माशांमध्ये क्षयाचे एक भावंड जिवाणू असतात, मायकोबॅक्टेरियम मरिनम. हाताच्या जखमेतून ते माणसात शिरले तर महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी येतात. नळी आधी पाण्यात बुडवून भरून घ्या, अंगठ्याने टोक दाबा आणि बादलीत सोडा. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला.

चार-पाच दिवसांत ठिपके वाढतच राहिले किंवा मासे निपचित पडले तर मॅलॅकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिनचं तयार औषध, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, पण ४१ लिटर धरून. फॉर्मेलिनही पाण्यातला प्राणवायू खातं, त्यामुळे हवा जोरात. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेला दिसला तर ती बाटली वापरायची नाही, ते रूप माशांना जास्त विषारी असतं. मॅलॅकाइट ग्रीन हाताला लागू देऊ नका. पोटॅशियम परमँगनेट आणि फॉर्मेलिन कधीही एकत्र नको. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो औषधाच्या दिवसांत काढून ठेवा, नाहीतर तोच औषध शोषतो.

दुकानदाराच्या बाटल्यांवर घटक वाचा. निळी असेल ती मिथिलीन ब्लू की मॅलॅकाइट ग्रीन, यात फरक आहे. मिथिलीन ब्लू वाईट नाही, पण ते टँकमध्ये ओतलं तर स्पंजातले उरलेसुरले जिवाणूही मरतात आणि काचेच्या कडेचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. ते वेगळ्या टबात वापरायचं. पिवळी बहुधा अक्रिफ्लेविन किंवा नायट्रोफ्युराझोनची असेल, तीही टबातच. बाटलीवर घटकच नसतील तर ती बाटली परत करा. दोन रंग एकत्र ओतून काय मिश्रण झालं ते दुकानदारालाही सांगता येणार नाही.

काकांच्या कॅप्सूलबद्दल. टेट्रासायक्लिन जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतं आणि माशाच्या अंगात फारसं जात नाही. आपल्या पाण्यात ते पाणी लालसर आणि फेसाळ करतं, फिल्टर मारतं आणि इकवर तर मुळात चालतच नाही, कारण इक जिवाणू नाही. वर, अर्धवट डोसाने जिवाणू औषधाला सरावतात. ती कॅप्सूल ज्याच्यासाठी आणली होती त्यालाच राहू द्या.

शेपटीचं बघू. झिजलेल्या कडेकडे टॉर्चने नीट पाहा. कड पांढुरकी, अस्पष्ट, दोऱ्या सुटल्यासारखी असेल आणि शेपटीच्या मुळाशी लाल रेघा असतील तर कुजणं चालू आहे. कड स्वच्छ कापल्यासारखी असेल तर दुसऱ्या माशाने चावली. कडेला काचेसारखी पारदर्शक किनार दिसली तर ती नवी वाढ आहे, मासा बरा होतोय. रोज त्याच वेळी, त्याच बाजूने मोबाईलने एक फोटो काढा. डोळ्यांना ‘वाढलंय’ असं रोजच वाटतं, फोटोत खरं कळतं. तुमच्या टँकमध्ये अमोनियाने कड जळलेली असण्याची शक्यता जास्त आहे. स्वच्छ पाणी आणि चालू असलेलं मीठ याला पुरतं. पाच दिवसांत लाल रेघा अंगाकडे सरकल्या तर त्या माशाला वेगळ्या टबात काढून उपचार करा. तिथे पशुवैद्याचं मत घेणं चांगलं. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, माशाच्या त्वचेचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली बघून मिळेल का, हे आधी फोन करून विचारा. आणि काही दिवसांनी गोल्डफिशवर काळे डाग उमटले तर घाबरू नका. अमोनियाने भाजलेली जागा भरताना काळी पडते आणि हळूहळू निवळते.

तुम्ही विचारलेलं नाही, पण गोल्डफिश ठेवणाऱ्यांना पुढेमागे दिसतंच, म्हणून: मासा उलटा तरंगत असेल, पोट फुगलेलं असेल आणि खवले मात्र चपटेच असतील, तर तीन दिवस उपास, मग साल काढून उकडलेल्या वाटाण्याचा चुरा. तरंगणारं खाणं बंद, दाणे भिजवून बुडणारे द्या. खवले अननसासारखे उभे राहिले असतील तर ते जलोदर, मूत्रपिंड निकामी झाल्याचं लक्षण. वीस लिटरला एक चमचा एप्सम सॉल्ट टाकून सूज थोडी उतरते, पण अशा अवस्थेतले बहुतेक मासे वाचत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. अंगातून दोऱ्यासारखा तुकडा लोंबताना दिसला तर तो अँकर वर्म हा परजीवी. जाळीत ओलं ठेवून चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढा, तुकडा आत राहू देऊ नका.

मासा वाचणार नाही असं दिसलं तर त्याला संडासात किंवा फ्रीजरमध्ये टाकू नका. लवंगेचं तेल वापरा. एक लिटर टँकच्या पाण्याला ०.४ मिलिलिटर तेल आधी छोट्या बाटलीत कोमट पाणी घालून जोरात हलवून दुधाळ करा आणि मग मिसळा. मासा शांत होतो, कल्ले थांबतात. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास त्यात राहू द्या. आणि जिवंत मासे ‘तलावात सोडून देऊ’ असं म्हणून बिलावलीला किंवा सिरपूरला नेऊ नका. सिरपूर तलाव २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. दुकानातला रोग आणि दुकानातले मासे दोन्ही तिथल्या पाण्याला परके आहेत.

आणखी एक, थोडं कडू आहे. ४१ लिटरमध्ये चार गोल्डफिश आणि चार मॉली आधीच जास्त होते, त्यात आणखी दोन. गोल्डफिश हा वाटीतला मासा नाही, साधा असेल तर हातभर नसला तरी वीतभर होतो आणि भरपूर घाण करतो. या टँकमध्ये दोन ठेवा, बाकीचे मोठा टँक असलेल्या कोणाला द्या, अर्थात रोग पूर्ण गेल्यावर.

पुढच्या वेळी नवे मासे थेट टँकमध्ये नको. चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर जो आधीपासून मोठ्या टँकमध्ये ठेवून मुरवलेला आहे, एक वेगळी जाळी. तीन ते चार आठवडे तिथे. जाळी, सायफन, बादली दोन्हीकडे एकच वापरली तर या टबाला अर्थ नाही. दुकानातून आणताना पिशवी पंधरा मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि मासा जाळीने काढून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. बाहेरगावाहून अनेक तास पिशवीत बसून आलेला मासा असेल तर पिशवी उघडल्यावर थेंबथेंब पाणी मिसळत तासभर बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. अशा माशाला तापमान जुळवून लगेच स्वच्छ पाण्यात टाकायचं.

शेवटचा तुमचा प्रश्न, टँक वाळवण्याचा. मासे आत असताना गरज नाही. इक माशाशिवाय जगत नाही. पुढे कधी टँक रिकामाच राहिला तर पाणी २७-२८ अंशांवर ठेवून आठवडाभर मासे नसले तरी तो आपोआप संपतो. वाळवायला हवी ती जाळी आणि बादली, दर वेळी, उन्हात. आणि स्पंज पुढच्या वेळी नळाखाली नाही, पाणी बदलताना टँकमधून काढलेल्या त्या जुन्या पाण्याच्या बादलीतच दोन वेळा हलक्या हाताने पिळायचा. मळकट राहिला तरी चालेल.